पाणी आले, सांडपाणी कोणाच्या माथी? मुंबईच्या हलालखोर करापासून केळव्याच्या ग्रामसभेपर्यंत

केळवे आता फक्त पानवेलींचे आणि वाड्यांचे गाव राहिलेले नाही. शनिवार-रविवार आला की मुंबईची गर्दी केळवे रोड स्टेशनवर उतरते, सुरूच्या बनात गाड्या लागतात, घरगुती निवासांच्या खोल्या भरतात. शेजारचे पालघर १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचे ठिकाण झाले. पलीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. जून २०२४ मध्ये वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. म्हणजे या पट्ट्यात माणसे वाढणार, घरे वाढणार, नळ वाढणार.

पाण्यासाठी आपल्याकडे मोर्चे निघतात. जानेवारी २०२२ मध्ये झांझरोळीच्या माहीम-केळवे धरणाला गळती लागली तेव्हा सारा तालुका धास्तावला होता. पण नळातून आलेले पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, यावर ग्रामसभेत कधी वादळ उठत नाही. सेप्टिक टँक भरली की टँकर बोलावायचा, तो मैला कुठे ओततो ते विचारायचे नाही, आणि टाकीत उतरणाऱ्या माणसाचे आडनाव तर मुळीच विचारायचे नाही, हा आपल्या समाजाचा शिरस्ता आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: या देशात गटाराचा खर्च कधीच पूर्णपणे पैशांत भागवला गेलेला नाही. जेवढा पैसा भरायचे टाळले गेले, तेवढी वसुली एका विशिष्ट जातीच्या शरीरातून झाली. ज्या गावात अजून भूमिगत गटार व्हायचे आहे, तिथे हा इतिहास आधी वाचला पाहिजे आणि मग आराखडा काढला पाहिजे.

मुंबईत आधी पाणी आले

विहार तलावाचे पाणी मुंबईला १८६० मध्ये मिळाले. त्याआधी शहराची तहान विहिरी आणि तळ्यांवर भागत होती. विहारचे काम ज्याच्या आराखड्याने झाले, त्याच हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरने १८५० च्या दशकात शहराच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहून गटारांची दैना सरकारपुढे मांडली होती. तरी पाणी आधी आले आणि गटारे मागे राहिली. पाण्याला मागणी होती आणि मागणी करणारे वजनदार होते. गटाराला खर्च होता आणि तो द्यायला कोणी तयार नव्हते.

परिणाम व्हायचा तोच झाला. पूर्वी माणशी चार लोटे पाणी वापरणाऱ्या शहरात नळाचे पाणी खेळू लागले. ते वाहून न्यायला वाट नव्हती. मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली, भराव घालून केलेला. तिथे सांडपाणी आपोआप समुद्राकडे जात नाही, ते पंपाने उपसावे लागते. वरळीच्या लव्हग्रोव्हला उपसा केंद्र व्हायला १८८० चे दशक उजाडले.

मधल्या काळात काय झाले? १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांनी शहर सुधारण्यासाठी सढळ हाताने खर्च केला. घरमालक करदाते खवळले. १८७१ मध्ये या उधळपट्टीविरुद्ध मोठे आंदोलन झाले, क्रॉफर्ड गेले, आणि १८७२ मध्ये नवा पालिका कायदा आला. उधळपट्टी झाली होती हे खरे. पण त्या आंदोलनात भाडेकरू नव्हते, गिरणी कामगार नव्हते, पालिकेचे सफाई कामगार तर नव्हतेच. पुढे १८८८ च्या कायद्याने ७२ सभासदांचे कॉर्पोरेशन झाले. त्यातले ३६ करदात्यांनी निवडायचे होते. कर भरणाऱ्याला मत, आणि मत असणाऱ्याच्या दारात सुधारणा. चाळीतल्या माणसाला यातले काहीच नव्हते.

याच काळात पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुले सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेचा पैसा उधळण्याच्या ठरावाला विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पालिकेच्या तिजोरीकडे शूद्रातिशूद्रांच्या नजरेने कसे पाहायचे, याचा हा पहिला धडा आहे.

कराचे नावच 'हलालखोर'

मुंबईची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना घरगल्ली हा शब्द माहीत असेल. दोन इमारतींच्या मागे सोडलेली अंधारी बोळकांडी. वरच्या मजल्यांचे संडास तिथे उतरत. तिथून टोपलीतला मैला उचलून नेणारे हलालखोर, मेहतर त्या गल्लीनेच ये-जा करत. घराच्या पुढच्या दारातून लक्ष्मी यायची आणि मागच्या गल्लीतून माणूस जायचा, तोही कोणाच्या नजरेला न पडता.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात मालमत्ता करांची यादी आहे. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी आणि 'हलालखोर कर'. होय, कायद्यातला शब्दच तो. आणि नीट लक्ष द्या: जिथे पालिकेची माणसे मैला उचलत, फक्त त्याच घरांना हा कर नव्हता. ज्यांचा संडास पालिकेच्या गटाराला जोडलेला होता, त्यांच्याकडूनही याच नावाने कर घेतला जाई. टोपली गेली, नळ आला, वाहिनी आली, तरी कराच्या पावतीवर एका जातीचे नाव कायम राहिले. पुढे कायद्यातला शब्द बदलला आणि तो मलनिःसारण कर झाला. कराचे नाव बदलले, पण मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याची जात बदलली नाही.

कराच्या बदल्यात या कामगारांना काय मिळाले? १८८९ मध्ये मुंबईच्या हलालखोरांनी संप केला. त्याला उत्तर म्हणून १८९० चा कायदा आला. सफाईसारख्या खात्यांतील नोकराने सूचना न देता काम सोडणे हा गुन्हा ठरला. गिरणी कामगार संप करू शकत होता, सफाई कामगाराला मात्र तुरुंग. १८९६ मध्ये प्लेग आला, लोक शहर सोडून पळू लागले, तेव्हा पालिकेला सर्वांत मोठी धास्ती होती ती सफाई कामगार निघून जाण्याची. म्हणजे या शहराला यांच्यावाचून एक आठवडा काढता येणार नाही, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच मजुरी वाढवण्याऐवजी कायद्याने बांधून ठेवणे त्यांना सोयीचे वाटले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधलेल्या परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. सामाईक नळ आणि सामाईक संडास काय असतो हे त्यांना कोणत्याही अहवालातून कळायची गरज नव्हती. १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईत पालिका कामगारांची संघटना उभी केली ती याच जाणिवेतून. १९३६ मध्ये गांधीजी 'हरिजन'मधून आदर्श भंगी कसा असावा हे लिहीत होते. बाबासाहेबांनी पुढे १९४५ च्या ग्रंथात या गौरवाची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा सरळ होता: इथे माणूस सफाईचे काम करतो म्हणून भंगी ठरत नाही, तो जन्माने भंगी ठरवला जातो, मग तो काम काहीही करो. त्या कामाचे गोडवे गाणे म्हणजे त्याच्या पायातली बेडी घासून चकचकीत करणे.

महाडची दुसरी बाजू

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असतील, हा त्याचा गाभा. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ घडले. पुढे कोर्टकज्जा दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

महाडचा सत्याग्रह आपण समतेचा लढा म्हणून साजरा करतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या मुळाशी एक आर्थिक तत्त्वही आहे: सार्वजनिक पैशातून झालेली गोष्ट साऱ्या जनतेची. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये हेच तत्त्व आले आहे. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तळी, घाट, रस्ते यांच्या वापरात भेदभाव चालणार नाही.

चवदार तळ्याचा लढा पाणी येणाऱ्या टोकाचा होता. पाणी जाणाऱ्या टोकाचा लढा अजून व्हायचा आहे. सार्वजनिक पैशातून गटार होते तेव्हा त्याचा आरंभ कोणाच्या दारात होतो आणि शेवट कोणाच्या? दलित वस्ती सुधार योजनेतून वस्तीत गटार बांधले जाते, त्यावर निधीचा फलक लागतो, फोटो निघतो. पण योजना वस्तीपुरती, म्हणून गटारही वस्तीपुरते. पुढे त्याला तोंडच नसते. वस्तीच्या कडेला ते उघड्यावर सोडलेले, पावसाळ्यात उलटे घरात शिरणारे गटार तुम्ही किती ठिकाणी पाहिले आहे? आणि वरच्या आळीचे सांडपाणी उताराने आपल्याच वस्तीकडे येते, कारण गावाने वस्तीसाठी जागाच खोलगट दिलेली. याला अपघात म्हणायचे का?

स्वस्त गटाराची खरी किंमत

काही मित्र म्हणतात, गटार हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, त्यात जात कशाला आणता? त्यांच्यासाठी थोडी अभियांत्रिकीच पाहू.

भूमिगत वाहिनीतून सांडपाणी सेकंदाला किमान ०.६ मीटर वेगाने वाहिले पाहिजे, तरच घाण तळाला बसत नाही. त्यासाठी उतार हवा आणि पुरेसे पाणी हवे. भूमिगत गटारे असलेल्या शहरांत माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरला जातो. जलजीवन मिशन खेड्याला माणशी ५५ लिटर देते. म्हणजे शहरासारखी वाहिनी खेड्यात टाकली तर तिच्यात घाण वाहण्यापुरते पाणीच नसेल. केळव्यासारख्या सपाट किनारी गावात उतार मिळवायचा तर खोल खणावे लागते, आणि थोडे खणले की पाणी लागते. मग पंप आला, विजेचे बिल आले. हा खर्च टाळण्यासाठी ठेकेदार उतार मारतो, व्यास कमी करतो, चेंबर लांब लांब ठेवतो. वाहिनी दोन वर्षांत तुंबते. तुंबलेली वाहिनी मोकळी कशी करायची? एक माणूस दोरी लावून खाली उतरवायचा.

सेप्टिक टँकचेही तेच. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा असा दंडक आहे. पण टँकरचे पैसे लागतात म्हणून लोक टाकी उलटेपर्यंत थांबतात. तोवर खालचा गाळ घट्ट झालेला असतो, तो टँकरच्या पाइपला ओढत नाही. मग फावडे घेऊन माणूस आत. टाकीत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. हा दुसरा वायू जास्त झाला की आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे धोका कळतही नाही. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

आपल्याच पालघर जिल्ह्यात ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, विरारच्या एका गृहसंकुलातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार असेच गेले. ती झोपडपट्टी नव्हती, उंच इमारतींची नवी वसाहत होती. नवे तंत्र आले, नवे केंद्र आले, पण ते साफ करण्याची पद्धत घरगल्लीच्या काळातलीच.

कायदे नाहीत असे नाही. १९९३ चा कायदा झाला. हाताने मैला उचलण्यास मनाई करणारा २०१३ चा कायदा तर ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. संरक्षक साधनांविना गटारात वा टाकीत माणूस उतरवल्यास पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, ती ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ३० लाख झाली. पण भरपाई मेल्यावर मिळते. माणूस उतरावाच लागणार नाही असे गटार आधी बांधणे हा खरा कायदा. त्याला पैसा लागतो.

शेपटाकडे कोण राहते?

पैसा वाचवला की तो कोणाकडून तरी वसूल होतोच, याचा दाखला केळव्याच्या उत्तरेला काही किलोमीटरवर आहे. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. प्रक्रिया पुरेशी होत नव्हती. कारखान्यांचा खर्च वाचला, मच्छीमारांची जाळी रिकामी झाली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांच्यावर कोट्यवधींची भरपाई बसवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. भरपाई प्रत्यक्षात किती मिळेल हा पुढचा प्रश्न, पण मच्छीमार समाजाने एक गोष्ट सिद्ध केली: वाहिनीच्या शेपटाकडे राहणाऱ्यांनी संघटित होऊन हिशेब मागितला तर तो द्यावा लागतो. आपण यातून शिकले पाहिजे, आणि या समाजांशी हात मिळवला पाहिजे.

पैसा कुठून आणायचा?

हिशेब करून पाहू. दहा हजार वस्तीचे गाव धरा. माणशी ५५ लिटर, त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे धरले तर रोज ४ लाख ४० हजार लिटर. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांहून मोठ्या गावांना मोरी-न्हाणीच्या सांडपाण्यासाठी माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. म्हणजे या गावाला ६६ लाख. त्यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. त्या आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होते. शिवाय ग्रामपंचायत कायद्याने स्वच्छता उपकर लावता येतो. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के खर्च बंधनकारक आहे.

हा सारा पैसा बांधकामाचा. रोजच्या देखभालीचे काय? इथे साताऱ्यातील वाईचे उदाहरण उपयोगी आहे. वाई नगरपालिकेने भूमिगत गटाराचे स्वप्न दाखवत बसण्याऐवजी साऱ्या घरांच्या सेप्टिक टँक दर तीन वर्षांनी क्रमाने उपसण्याची पद्धत लावली. २०१८ मध्ये गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र सुरू झाले. महत्त्वाचे म्हणजे घरमालकाने टँकरवाल्याला फोन करून पैसे द्यायचे नाहीत. तो खर्च स्वच्छता करातून येतो आणि ठेकेदाराला पालिका पैसे देते. त्यामुळे टाकी उलटेपर्यंत कोणी थांबत नाही, गाळ दगड होत नाही, आणि माणूस आत उतरवायची वेळ येत नाही. केळव्याने वाईची नक्कल करावी असे नाही. पण तत्त्व घ्यावे: पैसे सर्वांनी मिळून, नियमित आणि आधी भरायचे.

इथे आपल्याच कार्यकर्त्यांशी माझा वाद आहे. कोणताही नवा कर आला की आपण 'गरिबांवर बोजा' म्हणून विरोध करतो. सरसकट समान कराला विरोध केलाच पाहिजे. झोपडीला आणि वीस खोल्यांच्या रिसॉर्टला एकच रक्कम हा अन्यायच. पण कर नकोच म्हणून थांबलो, तर गटार स्वस्तातले होईल, आणि स्वस्तातल्या गटारात आपलाच माणूस उतरेल. तो सर्वांत मोठा कर आहे आणि तो गेली दीडशे वर्षे एकाच समाजाने भरला आहे. म्हणून मागणी अशी हवी: कर लावा, पण जो जास्त पाणी वापरतो, जास्त घाण करतो, त्यातून कमावतो, त्याच्यावर जास्त लावा.

ग्रामसभेत हे विचारा

पुढच्या ग्रामसभेला जाताना घोषणा कमी आणि प्रश्न जास्त घेऊन जा. ग्रामपंचायत विकास आराखडा मागा आणि विचारा:

१. सांडपाण्याची वाहिनी सुरू कुठे होते आणि संपते कुठे? शेवटच्या टोकाला कोणाची वस्ती, कोणाची विहीर, कोणाची खाडी आहे?

२. दलित वस्तीतले गटार गावाच्या मुख्य वाहिनीला जोडले आहे का? नसल्यास त्याच आराखड्यात घ्या, वेगळ्या योजनेची वाट बघायला लावू नका.

३. रिसॉर्ट आणि निवासांचे सांडपाणी कुठे जाते? त्यांचा कर किती?

४. मैला उपसणारा टँकर तो कुठे रिकामा करतो? त्याची नोंद कोण ठेवतो?

५. देखभालीच्या अंदाजपत्रकात यंत्राचा खर्च धरला आहे का? नसेल तर माणूस धरला आहे, असे समजा.

६. सफाईचे काम करणाऱ्यांना नियमित वेतन, विमा आणि नोकरीची सुरक्षा आहे का? लाड-पागे समितीने सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा हक्क दिला. तो हक्क ठेकेदारीत बुडता कामा नये. पण वारसाने मिळालेली नोकरी यंत्र चालवण्याची असली पाहिजे, मॅनहोलमध्ये उतरण्याची नव्हे.

मुंबईने आधी पाणी आणले, गटार उशिरा केले, आणि मधली दरी माणसांनी भरून काढली. केळव्यात आज नळ आला आहे आणि गटार अजून कागदावर आहे. चूक सुधारायची हीच वेळ असते, कारण एकदा वाहिनी जमिनीत गेली की पन्नास वर्षे ती तिथेच राहते आणि तिच्यासोबत जातही तिथेच राहते.

जय भीम!